देणगी मागायला निघण्याआधी जुनी पावती पुस्तकं काढा

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी अकरा वर्षं मी अनुदानित महाविद्यालयाची प्राचार्य होते. त्याआधी तिथंच वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यापासून नव्यानं खुर्चीवर बसलेले प्राचार्य, संस्थांचे सचिव, विद्यापीठात पदावर गेलेले जुने सहकारी फोन करतात. बोलणं कुठूनही सुरू झालं तरी येऊन थांबतं एकाच ठिकाणी: "मॅडम, तुम्ही निधी कसा उभा केला?" फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. पैसा उभा करणं हे संस्थेच्या प्रमुखाचं काम आहे. "ते अध्यक्षसाहेब बघतील" असं म्हणून मीही पहिली दोन वर्षं घालवली. सरकार मंजूर पदांचा पगार देतं. पण मुलींच्या वसतिगृहाला पाणी, ग्रंथालयात संध्याकाळी दिवे, प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शक, एसटीचा पास काढायला पैसे नाहीत म्हणून घरी बसलेली मुलगी, हे कुठल्याच अनुदानात बसत नाही. विद्यापीठाचंही तसंच आहे. परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्क यांवर गाडा चालतो, पण नवं काही उभं करायचं तर कुलगुरूंना बाहेर पडावंच लागतं. देणाऱ्याला ज्याची सही चालते तो माणूस समोर हवा असतो. लिपिकाच्या हाती पत्र पाठवून मोठी देणगी आलेली मी पाहिलेली नाही.

आणि यात कमीपणा कसला? आपल्या खान्देशातली कॉलेजं अशीच उभी राहिली. १९४५ साली अमळनेरला प्रताप कॉलेज निघालं आणि जळगावला मूळजी जेठा. दोन्हींच्या पाट्यांवर देणाऱ्यांचीच नावं आहेत. प्रताप शेठजींनी तर त्याच्या कितीतरी आधी, १९१६ मध्ये, अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर काढलं होतं. गिरणीच्या गावात तत्त्वज्ञानासाठी पैसा घालणारा माणूस होता, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला दरवेळी भरून येतं. महर्षी कर्वे महिला विद्यापीठासाठी गावोगाव फिरले, रुपया-दोन रुपये देणाऱ्यांचीही नावं लिहून ठेवत गेले. पुढे १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव लागलं. त्या मोठ्या देणगीमागे लहान देणग्यांची आणि नीट ठेवलेल्या हिशेबाची वर्षं होती, हे विसरू नका.

टाकी कुठे गेली?

हिशेबाची अक्कल मला चोपड्याच्या बाजूला एका नानांनी शिकवली. सत्तरच्या दशकातले आमचे विद्यार्थी, केळीचे मोठे बागायतदार. ग्रंथालयाच्या वाचनकक्षासाठी मी त्यांच्याकडे गेले. ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, चहा सांगितला. माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, आमच्या बॅचनं पाण्याच्या टाकीसाठी वर्गणी दिली होती. आमना पैसा कथा ग्या?" म्हणजे, आमचा पैसा कुठे गेला? त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते. आणि मला ती टाकी माहीतच नव्हती.

परत आले आणि तीन दिवस दप्तरखोलीत बसले. वाळवी लागलेल्या एका गठ्ठ्यात पावती पुस्तकाच्या कार्बन प्रती सापडल्या. बेचाळीस नावं. कोणी एक्कावन्न रुपये, कोणी एकशे एक, नानांचे पाचशे एक. टाकी बांधलीही होती. नवी विज्ञान इमारत झाली तेव्हा पाडली गेली, एवढंच. कुणाला कळवलं नव्हतं. एका जुन्या संमेलनाच्या फोटोत मागे ती टाकी दिसत होती. मी त्या पावतीची झेरॉक्स, त्या फोटोची प्रत आणि एक पानाचं पत्र नानांना पाठवलं: टाकी इतकी वर्षं वापरात होती, या कारणानं पाडली, आपल्याला न कळवल्याबद्दल महाविद्यालयाच्या वतीनं क्षमा मागते. त्या पत्रात एक रुपयाही मागितला नाही. महिन्याभरानं नाना स्वतः आले, वाचनकक्षाची जागा फिरून पाहिली, टेबलावर चेक ठेवला आणि बॅचमधल्या नऊ जणांचे फोन नंबर लिहून दिले. त्या नऊ नंबरांतून पुढे जे उभं राहिलं ते चेकपेक्षा मोठं होतं.

म्हणून तुमचं पहिलं काम बाहेरचं नाहीच. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोणाकडून काय आलं आणि ते कुठे लागलं, याची एक वही करा. पावती पुस्तकं, ऑडिट रिपोर्ट, संमेलनाचे अंक, भिंतीवरच्या फरशा, पंख्यांवर रंगवलेली नावं, सगळं धुंडाळा. जुन्या शिपायांना विचारा, त्यांना कागदांपेक्षा जास्त ठाऊक असतं. जिथे पैशाचा माग लागत नाही तिथे "माग लागत नाही" असं स्पष्ट लिहा. ही वही झाल्याशिवाय कोणाच्याही दारात जाऊ नका.

बक्षिसाचे सत्तर रुपये

ही वही करताना आणखी एक गोष्ट हाती लागेल: बक्षिसांच्या जुन्या ठेवी. आमच्याकडे बी.ए. मराठीत पहिल्या येणाऱ्या मुलीसाठी एका आजोबांनी दिवंगत पत्नीच्या नावानं १,००१ रुपये ठेवले होते. त्या काळी त्या व्याजात चांगली दोन पुस्तकं यायची. मी प्राचार्य झाले तेव्हा वर्षाचं व्याज सत्तर रुपयांच्या आसपास होतं. प्रमाणपत्र छापायला त्याहून जास्त खर्च यायचा, आणि बक्षीस घ्यायला आलेल्या मुलीच्या हातात आम्ही एक पेन देत होतो. मला फार वाईट वाटलं. कुणीतरी आपल्या माणसाची आठवण विश्वासानं आपल्याकडे ठेवली आणि आपण ती झिजू दिली.

कायम निधीचा साधा नियम असा: मुद्दल कधी मोडायचं नाही, आणि व्याजही सगळं खर्चायचं नाही. समजा दहा लाखांची ठेव आहे आणि सात टक्क्यांनी वर्षाला सत्तर हजार येतात. त्यातले चाळीस हजार वापरा, तीस हजार परत मुद्दलात घाला. महागाई मुद्दल आतून पोखरत असते, ती झीज अशी भरून निघते. अमेरिकेतली मोठी विद्यापीठं शेकडो वर्षांचे निधी सांभाळतात, तीही साधारण चार-पाच टक्केच दरवर्षी काढतात. दात्याला हे आधीच सांगा: "आज तुमच्या नावानं दरवर्षी चाळीस हजारांची शिष्यवृत्ती निघेल आणि तुमच्या नातवंडांच्या काळातही ती शिष्यवृत्तीच राहील." लोकांना पटतं. शेतकऱ्याला तर लगेच पटतं, बियाणं राखून ठेवणं त्याच्या रक्तातच आहे. देणगी कायम निधीसाठी असेल तर तसं दात्याकडून लेखी घ्या. एवढा एक कागद नसला की ती रक्कम चालू वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते आणि ऑडिटच्या वेळी धावाधाव होते.

त्या आजोबांची नात पुण्यात सापडली. तिला बक्षिसाची सगळी कहाणी कळवली, आजीच्या नावाचा ठरावही पाठवला. तिनं ठेव वाढवून दिली. आता मराठीत पहिल्या येणाऱ्या मुलीला वर्षाची पुस्तकं मिळतात.

यादी कशी करायची

माजी विद्यार्थ्यांची यादी म्हटलं की लोक डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर झालेल्यांची नावं काढतात. ती काढाच, पण जनरल रजिस्टर उघडून पहिल्या पानापासून उतरवायला बसा. एन.एस.एस.च्या मुलांनी आमच्याकडे दोन उन्हाळे हे काम केलं. नाव, गाव, प्रवेशाचं वर्ष. मग गावागावात विचारणा: हे आता कुठे असतात? उत्तर बहुतेकदा सुरत, पुणे, नाशिक, मुंबई.

सुरत आपण विसरतो. उधना, लिंबायत भागात अख्खं खान्देश राहतं. तापी व्हॅलीच्या गाडीत अमळनेरला किंवा दोंडाईचाला बसलं की उधन्यालाच उतरायचं. पोरं गेली ती यंत्रमागावर, कुणी हिऱ्यात, कुणी पुढे स्वतःचे कारखाने काढले. आम्ही तिथे एका समाजाच्या हॉलमध्ये रविवारी मेळावा घेतला. भाषणं अजिबात नाहीत. जुने हजेरीपट आणि फोटो टेबलांवर मांडून ठेवले. लोक आपलं नाव शोधत तासन् तास उभे राहिले. त्या दिवशी सर्वांत मोठी रक्कम जाहीर केली ती टी.वाय.ला दोनदा नापास होऊन शिक्षण सोडलेल्या एका भाऊंनी. म्हणाले, "डिग्री नाही मिळाली मॅडम, पण दोन वर्षं होस्टेलचं जेवण मिळालं. घरी तेवढं नव्हतं." त्यांनी मेससाठीच पैसे दिले आणि दरवर्षी देतात. पदवी न घेता गेलेल्यांना तुमच्या यादीतून वगळू नका. कळकळीनं सांगते.

बाहेर जाण्याआधी घरात सुरुवात करा. मी माझा एक महिन्याचा पगार पहिल्यांदा भरला. मग कार्यकारिणीतले काही, मग प्राध्यापक. आमचे निवृत्त शिपाई आप्पा पाच हजार रुपये घेऊन आले तेव्हा मी घेऊ की नको अशा विचारात पडले. ते म्हणाले, "तीस वर्षं घंटा वाजवली मी. माझं नाव नको का वहीत?" घेतले. मात्र एक पथ्य पाळा: पगारातून परस्पर कापून घेऊ नका, यादी फिरवून आकडे टाकायला लावू नका. आमच्या भागात एका संस्थेनं तसं केलं होतं. पैसा आला, पण शिक्षकांचं मन गेलं, आणि तेच शिक्षक आपल्या जुन्या विद्यार्थ्यांपाशी संस्थेबद्दल एक चांगला शब्द बोलेनात.

केव्हा जायचं, कसं बोलायचं

खान्देशात मागण्यालाही हंगाम आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, सालदारांची (वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्यांची) सालं ठरतात, घरात हिशेबाचं वातावरण असतं. तेव्हा भेटून यावं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशची देवी कानबाई घरात बसते, तिच्या रोटांच्या प्रसादासाठी भाऊबंद सुरतेहून, पुण्याहून गावी येतात. एरवी चार शहरांत फिरून जे भेटतील ते एका वाड्यात भेटतात. देवीचं घर असतं, तेव्हा पैशाचा विषय काढू नका. पण ओळख करून घ्या, फोन नंबर घ्या, कॉलेज पाहायला बोलवा. कापूसवाल्याकडे दिवाळीनंतर, माल विकला गेल्यावर. मे-जूनच्या वादळात केळीची बाग आडवी झाली असेल तर त्या घरी नुसतं विचारपूस करायला जा. मी एकदा रावेरच्या बाजूला आधी ठरलेल्या भेटीसाठी पोचले, तर रात्रीच्या वादळात त्यांची सगळी झाडं झोपली होती. घड लागलेली, महिन्याभरात काढणीला आलेली. मी त्यांच्याबरोबर बांधावरून चालले आणि परत आले. निधीचा शब्दही काढला नाही. दीड वर्षानं त्यांनीच फोन केला.

भेटीला दोघांनी जावं: प्रमुख, आणि त्या माणसाला शिकवलेले एखादे जुने सर. जीप भरून पदाधिकारी नेऊ नका. निवडणुकीची माणसं आल्यासारखं वाटतं, आणि कोणत्या गटाचे म्हणून आधी तेच मोजलं जातं. पहिल्या भेटीत मागायचं नाही. त्यांच्या वेळचं कॉलेज, सर, होस्टेल, एनसीसी, यावर त्यांना बोलू द्या. कोणती आठवण सांगताना आवाज बदलतो ते ऐका. ज्यांना ग्रंथपाल आठवतात त्यांच्याकडे ग्रंथालयाचं काम न्या, खेळाडूकडे मैदानाचं.

दुसऱ्या भेटीत आकडा बोला. "काहीतरी फूल ना फुलाची पाकळी द्या" असं म्हटलं की पाकळीच येते. "वसतिगृहाच्या बारा खोल्या आहेत. एका खोलीला दोन पलंग, दोन टेबलं, कपाट आणि पंखे, असं मिळून इतके लागतात. आपण दोन खोल्या घ्याव्यात अशी माझी विनंती आहे." असं. सोबत कोटेशनची प्रत ठेवा. आणि आकडा बोलून झाला की गप्प बसा. हे मला सर्वांत अवघड गेलं. समोरचा विचार करत असतो आणि आपण घाईनं म्हणतो, "नाही जमलं तरी चालेल." ते म्हणू नका. त्याला विचार करू द्या, आत जाऊन घरात बोलू द्या. बऱ्याच घरांत निर्णय वहिनींचा असतो, म्हणून बोलताना त्यांनाही बसायला सांगा. मुलींच्या स्वच्छतागृहाचं काम आमच्याकडे एका वहिनींच्या शब्दामुळे झालं. त्या स्वतः अकरावीला असताना दिवसभर पाणी न पिता वर्गात बसायच्या.

नाही म्हणाले तर आभार माना, वर्षाचा अंक पाठवत राहा.

कायद्याचं थोडक्यात, पण चुकू नका

देणगीदाराला आयकरात सवलत मिळते ती ८०जी कलमाखाली. संस्थेची ८०जीची नोंदणी चालू आहे ना, मुदत कधी संपते, हे आधी पाहा. दोन हजारांवरची रोख देणगी कपातीला चालत नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइनच घ्या. वस्तूरूप देणगीला, मग ती पुस्तकं असोत, पंखे असोत की शेअर, ही सवलत नाही. अमळनेरात विप्रोचे जुने शेअर जपलेली घरं आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. अशा घरी हे आधीच सांगावं. करदात्यानं नवी करप्रणाली घेतली असेल तर त्याला ८०जीचा फायदा मुळातच नाही. त्यामुळे कर वाचेल या एका मुद्द्यावर देणगी मागू नका. प्रत्येक दात्याचा पॅन आणि पत्ता घ्या, आयकर खात्याला द्यायचं देणग्यांचं वर्षाचं १०बीडी विवरण ३१ मेपर्यंत भरा, देणगीचं १०बीई प्रमाणपत्र दात्याला पोचवा. आमच्याकडे एकदा पॅनचं एक अक्षर चुकलं आणि एका दात्याच्या सीएनं ते पकडलं. मी माफी मागायला स्वतः गेले, विवरण दुरुस्त करून घेतलं. त्यानंतर प्रत्येक पॅन दोघांनी वाचून ताडायचा, असा नियम केला. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा आहे, कलमांचे आकडे बदललेत; फॉर्मांचे नवे आकडे सीएकडून तपासून घ्या. बोलण्यात लोक ८०जीच म्हणतात.

ज्याला नाव नको असेल त्याचं नाव फलकावर लावू नका, पण वहीत हवंच. ठरावीक मर्यादेपलीकडच्या निनावी देणग्यांवर तीस टक्के कर लागतो.

परदेशात गेलेल्या विद्यार्थ्यांचं नीट समजून घ्या. ज्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यानं स्वतःच्या कमाईतून दिलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याचा ठरतो. मग तो आपल्या गल्लीतला का असेना. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. नोंदणी नसेल तर तो पैसा घेऊच नका.

कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे समाजकामावर करायच्या सक्तीच्या खर्चाबद्दल, लोकांच्या फार आशा असतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ही सक्ती घातली ती मोठ्यांवर: ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक तरी असलेल्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्चायचे. जळगावची डाळ मिल, सराफी पेढी, जिनिंग, चटईचा कारखाना यांतले बरेच या मापात बसत नाहीत. तिथे सीएसआरचा अर्ज घेऊन जाण्यात अर्थ नाही. मालकाला माणूस म्हणून भेटा. मोठ्या कंपनीकडे जायचं तर आधी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी करा, दोन पानांचा प्रस्ताव करा, आणि मार्च महिन्यात धावत जाऊ नका. वर्षाचं नियोजन होत असतं तेव्हा जा.

शेतजमीन देऊ म्हणणारे भेटतात. सातबारा पाहा, वारसांची संमती पाहा, बक्षीसपत्र नोंदवावं लागतं, आणि संस्थेच्या नावे शेतजमीन करायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. एका आजींनी मला एक एकर देऊ केली. मी आधी त्यांच्या मुलांशी बोलायला बसले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. जमीन घेतली नाही. घर दुभंगून आलेली जमीन कॉलेजला नको होती. आजींनी मग दोन मुलींची वर्षाची फी घेतली आणि मुलांनी ती आजींनंतरही चालू ठेवली.

कुठे थांबायचं

जून ते ऑगस्ट, प्रवेशाच्या दिवसांत, मी एकही देणगी स्वीकारली नाही. तारखेनिशी ठराव करून घेतला होता. १९८७ चा कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी घेतलेल्या देणगीच्या बंदीचा कायदा आहे, पण मी कायद्याच्या भीतीनं ते केलं नाही. एक गृहस्थ ऑक्टोबरमध्ये बरीच मोठी रक्कम घेऊन आले. बोलता बोलता पुतण्याच्या नेमणुकीवर आले. मी चेक त्यांच्या खिशात परत ठेवला. नेमणुकीसाठी पैसा घेतला जातो, ही आपल्या शिक्षणक्षेत्रातली सर्वांत खोल जखम आहे. हुशार, गरीब घरातली, सेट-नेट झालेली पोरं या रोगापायी तासिका तत्त्वावर म्हातारी होताना मी पाहिली आहेत. असा एक रुपया निधीत आला तर बाकीचे सगळे स्वच्छ रुपये संशयित होतात.

नावाचा प्रश्न आधीच सोडवून ठेवा. किती खर्च उचलला तर खोलीला नाव, कितीला इमारतीला, हे कार्यकारिणीत ठरवून लेखी ठेवा; विद्यापीठात व्यवस्थापन परिषदेत. नाव द्यायला मला आनंदच व्हायचा. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर प्रेमचंद रायचंदांच्या आईचं नाव आहेच ना. पण शिष्यवृत्ती कोणाला, पुस्तकं कोणती, शिकवणार कोण, हे दात्यानं ठरवायचं नाही. एका जातीच्याच मुलांना द्यायची अट असलेली देणगी मी दोनदा नम्रपणे परत केली. त्यातले एक जण वर्षभरानं अट काढून परत आले.

विद्यापीठ सांभाळणाऱ्यांसाठी

१५ ऑगस्ट १९९० ला पुणे विद्यापीठापासून वेगळं होऊन आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. जळगाव, धुळे, नंदुरबार, म्हणजे सातपुड्याच्या पाड्यांपासून केळीच्या बागांपर्यंत सगळा मुलूख. अशा विद्यापीठाच्या कुलगुरूंना कायद्यानं पाच वर्षं मिळतात, दुसऱ्यांदा नेमणूक नाही. आणि मोठा दाता पक्का व्हायला माझ्या अनुभवात दोन-तीन वर्षं जातात. म्हणजे तुम्ही लावलेल्या कलमाचं फळ पुढचा काढणार. हे मान्य करूनच कामाला लागा, आणि पहिल्या वर्षीच त्यासाठी पूर्णवेळ एक माणूस व एक खोली द्या. एखाद्या प्राध्यापकाकडे जादा कार्यभार म्हणून हे सोपवलं की परीक्षेच्या दिवसांत सगळं थांबतं. आठवड्यातला एक अख्खा दिवस स्वतःच्या डायरीत फक्त भेटींसाठी राखा.

माजी विद्यार्थी संघ वेगळा नोंदवलेला असेल तर पैसा कोणत्या खात्यात, पावती कोणाची, ८०जी कोणाची, हे पहिल्या दिवशी लिहून घ्या. दोन खात्यांच्या घोळात दाता नाराज होतो. आणि नॅकच्या मूल्यांकनाच्या तक्त्यात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग दाखवायचा म्हणून घाईत मेळावे घेऊ नका. फोटो निघतात, पण पुढच्या वर्षी कोणी येत नाही.

मोठ्या आकड्यांनी दबून जाऊ नका. नंदन निलेकणींनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले. पण ते एका दिवसात दिलेले नव्हते. त्याआधीही अनेक वर्षं ते त्या संस्थेला देत आले होते, आणि सगळं मिळून चारशे कोटी झाले. संस्थेनं ते नातं टिकवलं.

देणगी आल्यावरचं काम सोपं आहे, पण तेच राहून जातं. सात दिवसांत पावती आणि प्रमुखाच्या सहीचं पत्र. काम पुरं झाल्यावर फोटो आणि खर्चाचा कागद, बिलांच्या प्रतींसह. पैसे उरले तर विचारा: "अठरा हजार उरले आहेत, याचं काय करू?" आजपर्यंत एकानंही परत मागितले नाहीत, पण विचारलं म्हणून सगळे सुखावले. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीनं स्वतःच्या अक्षरात पत्र लिहावं. मजकूर आपण सांगायचा नाही. एका आदिवासी पाड्यावरच्या मुलीनं लिहिलं होतं, "पास काढला. आता सकाळची गाडी मिळते, पहिला तास चुकत नाही." दात्यानं ते पत्र दुकानात काचेखाली ठेवलं आहे. दर १ मे रोजी आम्ही वर्षभराच्या देणग्या आणि खर्च एका तक्त्यावर लिहून फाटकाजवळच्या भिंतीवर लावायचो. बाजाराला आलेली माणसंही थांबून वाचायची.

निवृत्तीच्या आधीच्या तीन महिन्यांत मी नव्या सरांना घेऊन सोळा घरं फिरले. कपाटाची किल्ली, वही आणि सीएचा नंबर देऊन काम सोपवलं असं होत नाही. माणसं समोरासमोर भेटवावी लागतात. शेवटचं घर नानांचं. त्याच ओट्यावर बसलो. नानांची नजर आता कमी झाली होती. चहा सांगून त्यांनी नव्या सरांना विचारलं, "सर, वाचनकक्षाच्या गेल्या वर्षीच्या खर्चाचा कागद आणला का?" सरांनी पिशवीतून कागद काढला, आणि नानांच्या सुनेनं तो मोठ्यानं वाचायला घेतला.